सळईवाल्या हिरामणचं घर

बदलापूर स्टेशनच्या मागं तेव्हा गवताच्या वखारी होत्या. दसरा उलटला की डोंगरउतारावरचं गवत कापून वाळवायचं, बैलगाड्यांनी वखारीत आणायचं, लाकडी दाबात कोंबून त्याच्या चौकोनी गाठी बांधायच्या, आणि त्या गाठी मालगाडीनं मुंबईच्या तबेल्यांकडं रवाना व्हायच्या. पौषात बदलापूरला उतरणाऱ्या माणसाला आधी गवताचा वास भेटायचा, गाव नंतर. ज्यांच्या नाकात तो वास बसला ती माणसं पुढं कुठं कुठं गेली. पण रस्त्यात वाळल्या गवताची गाडी आडवी गेली की त्यांचे पाय अजून थबकतात.

अशाच एका वखारीत खरवईचा हिरामण कामाला होता. त्याचं काम इतरांसारखं नव्हतं. त्याच्याकडं सळई होती.

गवत जरा ओलं राहून दाबलं गेलं तर गाठ आतून तापते. वरून बघावी तर गरीब गाय, आणि पोटात धुमसत असते. लढाईच्या दिवसांत एका वखारीतली अख्खी थप्पी अशी आतून पेटलेली हिरामणनं बघितली होती. कुणी विडी ओढली नव्हती, कुणाचा दिवा कलंडला नव्हता. गवतानंच गवत जाळलं. तेव्हापासून तो करंगळीएवढी जाड, दीड हात लांब लोखंडी सळई घेऊन थप्प्यांमधून हिंडायचा. गाठीच्या मधोमध सळई खुपसायची, एक विडी ओढून होईल एवढा वेळ थांबायचं, मग उपसून गालाला लावायची.

"ही फोडा. पसरा उन्हात," तो म्हणायचा. किंवा, "ही जाऊ द्या मुंबईला."

हिरामण गाठीची नाडी बघतो, असं वखारीत म्हणायचे. चूक कधी झाली नाही त्याची. निदान वखारीत तरी नाही.

गाठींना तार आवळायच्या कामावर बायका असायच्या. त्यात अंजनी होती, उल्हास नदीपलीकडच्या बारवीकाठच्या पाड्यावरची. तिची तार कधी निसटली नाही आणि जीभही कधी अडली नाही. "जरा गालाला लावून माझं पण बगा, ताप हाय का," असं ती एकदा चारचौघांत म्हणाली, आणि पुढल्या वैशाखात दोघांचं लग्न झालं.

लग्नानंतर ती खरवईला आली ती हिरामणच्या थोरल्या भावाच्या घरात. तेरा माणसं, एक चूल. नवराबायकोला जागा मिळाली ती पडवीत, गोणपाटाच्या पडद्याआड. पडद्याच्या अलीकडं ही दोघं, पलीकडं भावाची तांबू गाय. तीन वर्षं अंजनी त्या गायीच्या रवंथाच्या आवाजावर झोपली. कधी तक्रार केली नाही; फक्त बोलायची.

"भाऊजी शिंकले तरी मना पदर सावराय लागतो. ती तांबू बरी, ती निदान तोंड फिरवून बसते."

पन्नास सालच्या कार्तिकात एका दुपारी दोघं वखारीत जेवायला बसली होती. तीन बाजूंना गाठींच्या थप्प्या, मधे खोलीएवढी जागा. बाहेर ऊन तापलं होतं, आत माठाशेजारी बसल्यासारखं गार. मालगाडी धडधडत गेली, तीही जणू लांबच्या गावातून गेल्यासारखी वाटली. अंजनीनं भाकरीचा तुकडा मोडला, पाठ गाठीला टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अवो, हितंच रावू या आपण."

ती थट्टेत बोलली होती. हिरामणचा घास मात्र हातातच राहिला. त्यानं गाठीवर थाप मारली, वर छपराकडं बघितलं, पुन्हा गाठीकडं बघितलं.

"जोतं पायजे," तो म्हणाला. "दगडाचं. गुडघ्याइतकं उंच."

"काय?"

"पानी खालून चढतं."

तिनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं, आणि भाकरी खाली ठेवली.

जमीन होती. खरवईच्या शिवेवर त्याच्या वाटणीचा खडकाळ तुकडा, जिथं नाचणीसुद्धा उगवायला लाजायची. वखारीत गाठी होत्या. कोपरे फुटलेल्या, वजनात न बसणाऱ्या. शेट म्हणाला, "ने तुला हव्या तेवढ्या, जागा तरी मोकळी होईल." माघापासून हिरामण आणि अंजनी कामावरून सुटली की माळावर जायची. नदीतले गोटे आणि माळावरचे काळे दगड रचून जोतं झालं. कोपऱ्यांना ऐनाचे खांब उभे राहिले. मग विटांसारख्या, सांधा चुकवून गाठी रचायच्या आणि वरून बांबूच्या मेखा ठोकून एकीत एक अडकवायच्या. ठोकणं हिरामणकडं, तार आवळणं अंजनीकडं. दोन हात जाडीच्या भिंती आठवड्याभरात कमरेला आल्या.

माणसं बघायला यायची. "हिरामण, घर बांदतंस का गंजी?" कुणी म्हणायचं. "अंबरनाथला आगकाड्यांचा कारखाना, हितं गवताचं घर. सोयरीक बरी जमंल!"

मातीचं काम मात्र दोघांच्या आवाक्याबाहेरचं होतं. कुडाच्या भिंतीला दोन बोटं गिलावा पुरतो. गाठींवर तो धरेना, वाळला की पापुद्र्यासारखा गळायचा. तेव्हा टहलराम भेटला. हा सिंधमधून आलेला म्हातारा गवंडी उल्हासनगरच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीत राहायचा. एका बराकीत वीस कुटुंबं, मधे साड्यांचे पडदे. हातातलं गवंडीकाम सुटलं होतं. पत्र्याच्या पेट्यांना कड्या बसवायचा, आणि कड्यांसाठी गाठींच्या तुटक्या तारा न्यायला आठवड्यातून एकदा वखारीत यायचा. हिरामणनं त्याला माळावर नेलं.

टहलराम भिंतीभोवती दोनदा फिरला. मग चपला काढल्या.

"साईं, गारो बनाएंगे," तो म्हणाला.

"गारा?"

"हां, वही. तुम्हारा भी गारा, हमारा भी गारो. सिर्फ पानी नदी का अलग है."

माती, शेण आणि बारीक तोडलेला भाताचा पेंढा खड्ड्यात आठ दिवस कुजवला. वास असा सुटला की बघे यायचे बंद झाले. मग तो चिखल तिघांनी पायांनी तुडवला. अंजनीला तेव्हा पाचवा महिना होता. टहलराम तिला खड्ड्यात उतरू देईना. "बेटी, तुम सिर्फ गाली दो, हम तुडवेंगे." हिरामणच्या शब्दांत त्यानं आपलं क्रियापद घातलं होतं. पहिला थर त्यानं हाताच्या टाचेनं गाठींमध्ये असा दाबला की माती आणि गवत एकजीव झाली. दुसरा त्यावर, तिसरा त्यावर. आतल्या बाजूचा शेवटचा हात अंजनीनं फिरवला, पांढऱ्या मातीचा. निघताना टहलरामनं भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"उधर सिंध में, सक्कर में, ऐसी ही दीवार थी मेरी," तो म्हणाला. मग हिरामणकडं वळून, "अब इसको हात नहीं लगाने का. सोने दो."

वैशाखात अंजनीचा बाप धर्मराज तिला पहिल्या बाळंतपणाला न्यायला आला. हाडाचा शेतकरी, तोंडाचा फाटका. छप्पर पेंढ्यानं शाकारून झालं होतं, दाराला फळ्या लागायच्या होत्या. धर्मराजनं घराला एक फेरी मारली आणि लुगड्याचं बोचकं उचलता उचलता म्हणाला, "जावयबापू, गुरं घरात रावतात आईकलं व्हतं. घर गुरांनी खाल्लेलं अजून आईकलं नाय. तेवडं बगाचं रायलं हाय."

"मामा, भिंत दोन हात जाड हाय."

"गवतच ना? वाळलं हाय तवर सरळ. पाऊस लागंल तवा कुजंल, नायतर तू सांगतोस तसं पेटंल. माझी पोर नि तिचं पोर त्याच्यात झोपवू?" धर्मराजचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "आईक. एक पावसाळा काढू दे तुझ्या भिंतीला. दसऱ्याच्या आधी मी सोता येऊन बगीन. भिंत सरळ असंल तर पोर ठेवून जाईन. नसंल तर ती माझ्याकडंच. त्या गोणपाटाच्या मागं मी तिला परत धाडणार नाय."

दारातून निघताना अंजनीनं भिंतीवर दोन बोटं टेकवली, कुणाच्या गालाला लावावीत तशी, आणि बापामागून नदीकडं चालू लागली.

पावसाळ्यात उल्हास नदी चढली की होडी बंद. पलीकडच्या पाड्यांशी चार महिने बोलणं व्हायचं ते काठावर उभं राहून, हाका घालून. हिरामण गाठींच्या घरात एकटा राहू लागला. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा, म्हणून तिला बाहेरून पेंढ्याची आणि पळसपानांची झड बांधली होती. पहिले पंधरा दिवस झकास गेले. बाहेर पाऊस कोसळायचा आणि आत नुसती कुजबूज ऐकू यायची. अंथरुणात पडल्या पडल्या गवताचा वास यायचा, कार्तिकातला.

पण सोळाव्या दिवशी त्याला आठवलं की पश्चिमेच्या भिंतीतल्या गाठी शेवटच्या खेपेच्या. त्या खेपेचं गवत नीट वाळलं होतं का? वखारीत त्यानं त्या बघितल्या होत्या. बघितल्या होत्या ना? पाळणा त्याच भिंतीलगत टांगायचा होता. डोळ्यांसमोर ती लढाईच्या दिवसांतली थप्पी आली, आतून लाल झालेली.

त्यानं सळई घेतली. आतून टोचायचा धीर झाला नाही, आत अंजनीचा हात फिरला होता. बाहेर गेला, झड वर उचलली, गिलाव्यातून सळई आत घातली. एका विडीचा वेळ. उपसली, गालाला लावली. गार. त्यानं भोक शेणानं बुजवलं आणि शांतपणे झोपला.

चार दिवसांनी पुन्हा. मग दुसरी गाठ. मग तिच्या शेजारची.

आषाढात एका सकाळी कुणी तरी सांगत आलं, पलीकडून धर्मराज हाका घालतोय. हिरामण पळत काठावर गेला. मधे गढूळ पाण्याचा पट्टा, पलीकडं घोंगडी पांघरलेला सासरा, शेजारी सासू रखमाबाई.

"पोरगी झालीऽऽ!" धर्मराज ओरडला.

हिरामणनं तोंडाभोवती हात धरले. "दोघी बऱ्या हायत काऽऽ?"

"बऱ्या हायत! नाक तुझं हाय, रंग आमचा!" रखमाबाई ओरडली.

"नाव ठमा ठेवा! माझ्या आयचं!"

"ठेवू! भिंत कशी हायऽऽ?" हे पुन्हा धर्मराजनं.

हिरामणला सळई आठवली. आदल्या दिवशी सळई किंचित कोमट लागली होती. अगदी किंचित.

"उभी हायऽऽ!" तो ओरडला.

त्या दिवसापासून तो रोज टोचू लागला. सळई कोमट लागायची. म्हणून शेजारी टोचायचा, तीही कोमट. शेण वाळलं की आकसून गळून पडायचं, तो पुन्हा लिंपायचा. झड सारखी वर करून तिच्या दोऱ्या सैलावल्या. श्रावण सरता सरता पश्चिमेच्या भिंतीला खालच्या अंगाला फुगवटा आला. हिरामणनं तिथं कान लावला, गाल लावला. भिंत ऊबदार होती. वखारीत असती तर "फोडा" म्हणाला असता. घर कसं फोडायचं? त्या पाच-सहा हात भिंतीसमोर तो वखारीतून आल्यावर तासन्‌तास बसायचा, आजाऱ्याच्या उशाला बसावं तसा.

पितृपक्ष सरला, पाणी ओसरलं, आणि होडी चालू झाली त्याच दिवशी धर्मराज येऊन ठेपला. मागं अंजनी, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली ठमी. हिरामणनं लेक पहिल्यांदा बघितली. नाक खरंच त्याचं होतं. हात पुढं केला, पण धर्मराज मधे आला.

"आधी भिंत."

त्यानं पूर्वेची भिंत खांद्यानं रेटली. भिंत हलली नाही. उत्तरेची रेटली, तीही नाही. मग पश्चिमेला गेला, झड बाजूला सारली आणि फुगवट्यावर तळवा टेकवला. सुपाएवढा गिलावा सुटून त्याच्या पायांवर पडला. आतलं गवत काळं, चिकट. कुबट वास भपकन आला.

धर्मराजला आनंद झाला नाही. त्यानं पाय झटकले आणि हळू आवाजात म्हणाला, "चल पोरी. होडी थांबवली हाय."

हिरामणनं पडलेला गिलावा पायानं बाजूला सारला.

अंजनीनं ठमी बापाच्या हातात दिली. "धरा जरा."

"अगं, चल म्हन्तो ना—"

"धरा म्हन्ते."

ती भिंतीसमोर उकिडवी बसली. न पडलेल्या गिलाव्यावरून बोटं फिरवू लागली. बोट एका खळग्यात गेलं. मग दुसऱ्यात. तिसऱ्यात. शेणाच्या टिकल्या, कुठं उरलेल्या, कुठं गळालेल्या. भिंतभर, देवीच्या फोडांसारख्या.

"ही भोकं कसली?"

हिरामण मातीकडं बघत म्हणाला, "ऊब बगत व्हतो."

"सळईनं?"

"आतून पेटली तर... हितंच पाळना टांगाचा व्हता."

"रोज?"

"आखाडापासून रोज."

अंजनी त्याच्याकडं बघत राहिली. तिला हसू फुटत होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. आधी कुणाला वाट द्यावी ते तिला कळेना.

"अवो, भोक पाडलं की पानी आत. पानी आत गेलं की ऊब. ऊब लागली की तुमी आनखी टोचनार. बरी हायस का, बरी हायस का म्हणून रोज उठून खुपसलं तर भला मानूस मरंल, ही तर भिंत हाय!"

"तुला काय ठावं, पावसानं कुजली का टोचून?" धर्मराज म्हणाला. ठमीनं त्याच्या मिशीला हात घातला होता, त्यामुळं त्याचं बोलणं हवं तेवढं कडक निघालं नाही.

"तार मी आवळलीय बाबा. माझी गाठ मना ठावं."

ती भोक नसलेल्या जागी सरकली, खुरप्यानं गिलावा फोडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मुठीत गवत आलं. पिवळं, सुकं, मोडलं तर कटकन आवाज करणारं. तिनं ती मूठ बापाच्या नाकाशी धरली. चार महिन्यांचा पाऊस खाल्लेल्या भिंतीतून कार्तिकातला माळ बाहेर आला.

धर्मराजनं वास घेतला. पुन्हा घेतला. पण तो शेतकरी माणूस, नाकावर विसंबणारा नव्हे. माळावर थोड्याच अंतरावर हिरामणच्या भावाची तांबू चरत होती. आश्विनातला हिरवागार चारा, पोट टम्म. अशी गाय वाळक्या गवताला सहसा तोंड लावत नाही.

"आन हिकडं," तो म्हणाला. एका हातावर नात, दुसऱ्या हातात आधी कुजलेल्या गवताचा पुंजका घेऊन तो तांबूकडं गेला. तांबूनं हुंगलं, फुस्सकन नाक उडवलं आणि तोंड फिरवलं. मग त्यानं अंजनीच्या मुठीतलं सुकं गवत पुढं केलं.

तांबूनं हुंगलं. थांबली. आयुष्यात इतक्या गाठी हिरामणनं पारखल्या, पण त्याची गाठ पारखायला पहिल्यांदाच कुणी तरी उभं होतं, आणि ती गाय होती.

तांबूनं जीभ बाहेर काढली, गवत ओढून घेतलं आणि निवांत चावू लागली. संपल्यावर धर्मराजचा तळहात चाटला.

"तीन वरसं शेजारी व्हती माझ्या," अंजनी म्हणाली. "खोटं बोलनार नाय ती."

धर्मराजनं नात आईकडं दिली, धोतर गुडघ्यावर खोचलं, होडी सोडायचा निरोप काठावर धाडला आणि जावयाला म्हणाला, "चिखल कुठं तुडवाचा ते दाखव. का त्याच्यात बी सळई घालून बगनार हायस?"

पाच गाठी बाद निघाल्या, तेवढ्याच. वखारीतून गेल्या सालच्या चांगल्या सुक्या आल्या. टहलरामला निरोप गेला. त्यानं भोकं बघितली, कपाळावर हात मारला आणि सिंधीत काही तरी लांबलचक बोलला. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही. दसऱ्याच्या दिवशी अंजनीनं आपली चूल पेटवली. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि निखारे सारायला काही मिळेना, तेव्हा कोपऱ्यातली सळई उचलली. तेव्हापासून सळई चुलीपाशीच राहिली. वखारीसाठी हिरामणला दुसरी करून घ्यावी लागली, आणि ती घरी आणायची नाही असं ठरलं.

ते घर पुढं कितीतरी पावसाळे उभं होतं. उन्हाळ्यात खरवईतले म्हातारे दुपारची वेळ काढायला तिथं येऊन भिंतीला पाठ लावून बसायचे. टहलराम यायचा तो पश्चिमेच्या भिंतीशी बसायचा. चहा झाला की तळवा टेकवून उठायचा. ठमी त्या भिंतीला धरून उभी राहिली, चालली, शाळेत जायला लागली. पुढं वखारी एकेक करून उठल्या, माळावर विटांची घरं आली, स्टेशनच्या मागचा तो वास गेला. पण त्या घरात कधीही शिरा, नाकाला कार्तिक भेटायचा.

दाराशेजारी अंजनीनं गिलाव्यात तळहाताएवढी जागा उघडी ठेवली होती, तिला लाकडी झाकण. दर दसऱ्याला धर्मराज यायचा, झाकण उघडायचा, चिमूटभर गवत उपसायचा आणि तांबूला, तांबू गेल्यावर तिच्या कालवडीला, घालून यायचा. परत येऊन मगच पाणी मागायचा.

"बाबा," अंजनी तांब्या पुढं करत म्हणायची, "घर गुरांनी खाल्लेलं बगाचं रायलंय म्हन्ला व्हता ना? तुमीच चारताय की."

यावर धर्मराज मिशीतल्या मिशीत हसायचा. आणि हिरामण, गाल भिंतीला लावायला नकळत पुढं झुकलेला हिरामण, बायकोची नजर पडताच तिथंच कान खाजवायचा.